घरच्या घरी : दिव्याच्या आतली धूळ



या खेपेला मोटारीच्या पुढच्या दिव्यांविषयी लिहितो. आपली नातवंडे त्यांना 'पानास' म्हणतात. हा विषय मी हौसेने घेतला नाही, भीतीने घेतला.

जानेवारीत नातीला घेऊन बेर शेवाहून दिमोनाला परत येत होतो. २५ नंबरचा रस्ता, काळोख पडलेला. मागून पोर एकदम ओरडली, "सबा, गमाल!" उंट अगदी रस्त्याच्या मधोमध. ब्रेक दाबला, गाडी थांबली, आणि उंट आपला रमतगमत निघून गेला. माझे हात मात्र घरी पोहोचेपर्यंत थरथरत होते. मुलांनो, उंटाचे पाय लांब. दिव्याचा खालचा झोत त्याच्या पायांवरच पडतो, वरचे धड अंधारात राहते. धक्का बसला तर तेच धड पुढची काच फोडून आत येते. नेगेवमध्ये राहणाऱ्यांना हे सांगायला नको.

मुलाला कळले तेव्हा तो म्हणाला, "पप्पा, आता रात्रीची गाडी बंद." मी म्हटले, माझे डोळे ठीक आहेत, दिवेच अधू झालेत. दोन दिवस घरात अबोला.

तिसऱ्या दिवशी दिवे तपासले. पहिली परीक्षा सोपी आहे. ओले बोट दिव्यावर बाहेरून फिरवा. धूसरपणा तेवढ्यापुरता गेला, तर दोष बाहेरच्या बाजूला. उन्हाने प्लास्टिकचा वरचा थर पिवळा पडतो, तो घासून पॉलिश करता येतो. माझे पॉलिश गेल्या टेस्टच्या आधीच झाले होते. ओले बोट फिरवूनही काही फरक पडेना. म्हणजे मळ आत होता.

बंद दिव्याच्या आत मळ जातो कसा? दिवा पुरता बंद नसतोच. तापलेली हवा बाहेर जावी म्हणून मागे बारीक वाटा असतात. त्यातून हमसीनची धूळ येते, दव येते. शिवाय आतले प्लास्टिक वर्षानुवर्षे तापून त्याची वाफ सुटते आणि काचेवर पातळ साय धरते. आम्ही मुंबईत फियाटचे दिवे खोलायचो तेव्हा ही भानगड नव्हती. गोल काच, रिंगचे स्क्रू काढले की दिवा हातात. आताचे दिवे डिंकासारख्या गोंदाने चिकटवलेले असतात. काही बहाद्दर ते भट्टीत तापवून उघडतात. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. गोंद नीट बसला नाही तर पहिल्याच पावसात आत पाणी साचते.

मी मागच्या बाजूने गेलो. गाडी बंद, दिवे गार, बॅटरीची तार सोडवलेली. प्लग ओढला, रबरी टोपी काढली, तारेची चाप सोडली, बल्ब बाहेर काढला. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका. बोटाचे तेल तिथे जळते आणि बल्ब लवकर फुटतो. लागलेच, तर स्पिरिटने पुसा. झेनॉनचे दिवे असतील तर हात लावू नका, त्यांना पेटताना हजारो व्होल्ट लागतात. एलईडीचे असतील तर बहुधा आत जायला वाटच नसते. ते काम मुसाखवाल्याचे.

आता भोक लिंबाएवढे, त्यात माझा पंजा जाईना. मग लोहचुंबकाची युक्ती केली. दोन जोरदार चुंबक मऊ कापडात गुंडाळले. एकाला दोरा बांधून आत सोडला, दुसरा बाहेरून धरला. बाहेरचा फिरवला की आतला मागोमाग फिरतो. हे काम नातीने केले आणि माझ्यापेक्षा हळू हाताने केले. आतले कापड साबणाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेले होते, दुसऱ्या खेपेला नुसत्या डिस्टिल्ड पाण्याचे. नळाचे पाणी नको. किटलीत पांढरा थर धरतो ना, तेच डाग इथे पडतात. अ‍ॅसिटोन तर मुळीच नको, त्याने प्लास्टिकला बारीक तडे जातात.

एक गोष्ट सांभाळा. बल्बमागचा चकचकीत आरसा म्हणजे ॲल्युमिनियमचा अगदी पातळ मुलामा असतो. तो पुसायला गेलात तर मळाबरोबर मुलामाही निघतो, मग दिवा कायमचा मंद. दोरा त्यासाठीच. चुंबक सुटला तर ओढून घ्यायचा, आत खडखडू द्यायचा नाही.

मग सौ.चा केस वाळवायचा पंखा मंद ठेवून, लांबून, अर्धा तास. तिची परवानगी आधी घ्या, मी नंतर घेतली. थेंबही आत राहता कामा नये. रबरी टोपी नीट बसवा, नाहीतर महिन्याभरात पुन्हा धुके धरेल.

आम्ही मुद्दाम एकच दिवा आधी केला. संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करून दोन्ही लावले. डाव्याच्या उजेडाची कडा सुरीने कापल्यासारखी, उजव्याचा उजेड विरलेल्या धोतरासारखा. मुलाला बोलावून दाखवले. तो म्हणाला, "बरं, दिवे खराब होते. आता डोळेही दाखवून या."

गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, डाव्यात जास्त. ऑपरेशनची तारीख मिळाली आहे. उजवा दिवाही त्याच आठवड्यात साफ केला. तोवर रात्री गाडी मुलगाच चालवतो, मी शेजारी बसतो, आणि नात मागून उंटांवर नजर ठेवते.