भिंतीवरचा नकाशा

मुंबईच्या जुन्या नकाशांस अलीकडे मोठा मान आला आहे. सोनेरी चौकटींत बसवून ते दिवाणखान्यांतून टांगले जातात, आणि आल्यागेल्यानें त्यांचें कौतुक करावें अशी यजमानांची अपेक्षा असते. या कौतुकाविषयीं आमची तक्रार नाहीं. नकाशा पाहिला जातो, पण वाचला जात नाहीं, ही आमची तक्रार आहे.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या, एका मैलास एक इंच या प्रमाणाच्या, जुन्या नकाशांत माहीमच्या खाडीचें मुख पाहावें. विहार व पवई तलावांचें सांडपाणी घेऊन येणारी मिठी नदी येथें समुद्रास मिळते. वांद्रें, कुर्लें व धारावी यांच्यामधील विस्तीर्ण जागा तेथें भरतीच्या पाण्याची दलदल आहे. आज त्याच जागेंतील मोठ्या भागावर वांद्रें-कुर्ला संकुल उभें आहे.

यावर कोणी म्हणतील कीं, मुंबई ही मुळांतच सात बेटें सांधून झालेली. भराव घालणें हा तिचा जन्मजात धर्म होय. आवाबाई जमशेटजी जीजीभाई यांच्या औदार्यानें १८४५ सालीं माहीमचा बांधरस्ता झाला, तो काय वाईट झाला? आम्ही तरी तसें म्हणत नाहीं. परंतु लोकांना खाडीपार नेणें निराळें, आणि खाडीची जागाच बळकावणें निराळें. दलदल म्हणजे ओसाड जमीन नव्हे. नदीस पूर व समुद्रास भरती एकाच वेळीं आली, म्हणजे तुंबलेलें पाणी तीच पोटांत घेते.

२६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाऊस असाधारण होता, हें निर्विवाद. पण कुर्ल्याच्या व कलिन्याच्या घरांत शिरलेल्या पाण्याचा सगळा दोष मेघांच्या माथीं मारणाऱ्यांनीं आपल्याच भिंतीवरचा नकाशा एकदां खालीं उतरवून पाहावा. पाण्यानें आपली जुनी जागा ओळखली. आम्हीं मात्र ती विसरलों होतों.

धारावीच्या व माहीमच्या कोळीवाड्यांस हें सांगावयास कागद लागत नाहीं. खाडीवर पिढ्या काढलेल्यांस तिची वाट ठाऊक असते. तेव्हां आमची मागणी साधी आहे. नदीमुखाजवळ भरावाची नवी योजना निघाली कीं तिच्या शेजारीं जुना नकाशा मांडावा, लोकांस तो मराठींत समजावून द्यावा, आणि पहिला प्रश्न कोळ्यांस विचारावा. एवढें होत नसेल, तर त्या सोनेरी चौकटी शोभेच्याच समजाव्या.