ज्याची तिजोरी, त्याचीच कात्री

नामवंत चित्रपट दिग्दर्शक दूरचित्रवाणीकडे वळले की, मोठ्या पडद्याने नाकारलेले सर्जनस्वातंत्र्य त्यांना छोट्या पडद्यावर गवसले, असा निष्कर्ष तत्परतेने काढला जातो. २०१३ साली अमेरिकेत या निष्कर्षाचे ढोल जोरात वाजले आणि आपल्याकडील समीक्षकांनी इमानेइतबारे त्याची री ओढली. हे स्वातंत्र्य दिले कोणी आणि किती काळासाठी, हा साधा प्रश्न विचारण्याची तसदी मात्र फारच थोड्यांनी घेतली.

या निष्कर्षाला आधार नाही असे नव्हे. पियानोवादक लिबराची यांच्या जीवनावरील ‘बिहाइंड द कँडेलाब्रा’साठी ऑस्करविजेते स्टीव्हन सोडरबर्ग यांना हॉलिवूडच्या स्टुडिओंनी पैसा नाकारला, तो एचबीओ वाहिनीने दिला. मे २०१३ मध्ये तीच कृती कान महोत्सवाच्या स्पर्धेत दाखवली गेली. त्याच वर्षी झळकलेल्या डेव्हिड फिंचर यांच्या ‘हाउस ऑफ कार्ड्स’ला नेटफ्लिक्सने नमुन्याचा भाग न पाहताच दोन पर्वांची हमी दिली होती. कारण उघड आहे. स्टुडिओला तिकिटे खपवायची असतात, तर अशा वाहिनीला वर्गणीदार हवे असतात. नावाजलेला दिग्दर्शक ही तिच्या दृष्टीने जाहिरातच असते.

पण जाहिरातीचे काम संपल्यावर काय होते? याच फिंचर यांची ‘माइंडहंटर’ ही मालिका २०१९ मधील दुसऱ्या पर्वानंतर थांबली. खर्चाच्या मानाने पुरेसे प्रेक्षक मिळाले नाहीत, हे कारण २०२३ मध्ये खुद्द फिंचर यांनीच सांगितले. म्हणजे कलावंताचा सन्मान अखेर वाण्याच्या वहीपाशी येऊन थांबला!

दिवंगत डेव्हिड लिंच यांचा अनुभव तर त्याहून बोलका आहे. १९९० साली एबीसी वाहिनीवर त्यांची ‘ट्विन पीक्स’ सुरू झाली. खुनी कोण, हे रहस्य कायम ठेवण्याची लिंच यांची इच्छा होती. वाहिनीच्या दबावापुढे ते उघड करावे लागले आणि १९९१ मध्ये मालिकाच गुंडाळली गेली. पुढे १९९९ मध्ये त्यांनी त्याच वाहिनीसाठी ‘मलहॉलंड ड्राइव्ह’चा पहिला भाग चित्रित केला, तोही नाकारण्यात आला. फ्रेंच भांडवलाच्या साहाय्याने त्यांनी त्याचाच चित्रपट केला आणि २००१ साली कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार विभागून मिळवला. छोट्या पडद्याने झिडकारलेल्या कलाकृतीला मोठ्या पडद्याने आश्रय दिला. स्वातंत्र्य छोट्या पडद्याच्या ठायीच वसते, असे म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे!

तात्पर्य, स्वातंत्र्य पडद्याच्या आकारात नसते. ते ज्याच्या हाती तिजोरी, त्याच्या मर्जीत असते. मर्जीने मिळालेली मोकळीक म्हणजे हक्क नव्हे. ती केवळ उसनवारी होय.

२०१८ च्या ‘सेक्रेड गेम्स’पासून आपल्याकडील दिग्दर्शकांनीही परदेशी मंचांची वाट धरली आहे. त्यांनी ‘प्रभात’चे स्मरण अवश्य करावे. १९२९ साली कोल्हापुरात ती कंपनी उभी राहिली, तेव्हा दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम हे कलावंत तिच्या भागीदारांत होते. १९३७ साली जरठ-कुमारी विवाहावर आसूड ओढणारा ‘कुंकू’ त्याच कंपनीतून आला. १९३६ च्या ‘संत तुकाराम’ने पुढच्याच वर्षी व्हेनिस महोत्सवात मराठीचे नाव उज्ज्वल केले. पुढे भागीदारांत फूट पडली, शांताराम बाहेर पडले, हेही खरे. पण कात्री कलावंतांच्या हाती असताना काय घडू शकते, हे ‘प्रभात’ने सिद्ध करून दाखवले.

धनको बदलल्याने ऋणको मुक्त होत नाही. ज्यांना खरोखर स्वातंत्र्य हवे आहे, त्यांनी नव्या धन्याचे गोडवे गाण्यापेक्षा एकत्र येऊन स्वतःची तिजोरी उभारावी. ती लहान असेल, पण तिची किल्ली तरी आपल्या हाती असेल!