सणाच्या तोंडावरची गोळी



विदर्भात महालक्ष्म्या तीन दिवसांच्या पाहुण्या. घरच्या सुनेची तारीख नेमकी त्याच दिवसांत आली, की ठरलेलं वाक्य ऐकू येतं, ‘गोळी घेऊन टाक.’ कारंजा लाडसारख्या क्षेत्राच्या गावी ही वेळ वर्षातून कितीदा तरी येते. नृसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानाच्या दर्शनाला पाहुणे येतात, दत्तजयंती असते, घरी पारायण असतं. सगळ्यांचं वेळापत्रक तसंच राहतं. बदलायचं ते बाईच्या शरीरानं.

ही गोळी बहुधा नॉरएथिस्टेरॉनची असते. हे कृत्रिम संप्रेरक आहे. अतिरक्तस्राव, अनियमित पाळी अशा तक्रारींवर ते उपयोगी औषध आहे. पाळी लांबवण्यासाठी डॉक्टर साधारणपणे ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, तारखेच्या तीन दिवस आधीपासून देतात. गर्भाशयाचं अस्तर तेवढे दिवस टिकून राहतं. गोळी थांबवली की दोन-तीन दिवसांत पाळी येते.

मळमळ, डोकेदुखी, पोट फुगणं, स्तन दुखणं, चिडचिड हे त्रास अनेकींना होतात आणि बहुतेक वेळा आपोआप थांबतात. क्वचित होणारा धोका मात्र गंभीर आहे: शिरेत रक्ताची गुठळी. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, अचानक धाप लागली, छातीत दुखलं, दिसण्यात फरक पडला, तर गोळी थांबवून ताबडतोब दवाखाना गाठावा. पूर्वी गुठळी झालेली, यकृताचा आजार किंवा स्तनाचा कर्करोग असलेली, गरोदर असण्याची शक्यता असलेली, या बायकांनी ही गोळी घेऊ नये. क्षयावरच्या रिफॅम्पिसिननं आणि फिट्सवरच्या काही औषधांनी तिचा परिणाम कमी होतो. अशी घेतलेली गोळी गर्भनिरोधक म्हणून धरू नये, हेही लक्षात ठेवायला हवं.

हे सारं विचारायला, सांगायला डॉक्टर लागतो. म्हणून तर ती चिठ्ठीवर द्यायची असते. प्रत्यक्षात घरातलं कुणीतरी दुकानात जातं आणि पुडीत गोळ्या बांधून आणतं. जिच्या पोटात त्या जाणार, तिला एकही प्रश्न विचारला जात नाही.

याच संप्रेरकाचं इंजेक्शन म्हणजे नेट-एन. १९८५ साली आंध्रातल्या पाटणचेरूला त्याची चाचणी होत असताना बायकांना पुरती माहिती दिलेली नाही, हे हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेनं उघड केलं. १९८६ मध्ये स्त्री संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. सरकारी कार्यक्रमाला आपण विचारलेला तो प्रश्न आज देवघरालाही विचारायला हवा: तिला माहिती होती का, आणि नाही म्हणायची मुभा होती का?

गोळी घेणाऱ्या बाईला नावं ठेवू नका. सासरी तीन दिवस बाजूला बसण्याची मानहानी टाळायला ती हे करते. गटाच्या बैठकीत वरची माहिती वाचून दाखवा. दुकानदाराकडे चिठ्ठीचा आग्रह धरा. आणि सणाआधी घरात एवढं तरी बोलून पाहा: पुरणाचा स्वयंपाक नवऱ्यानं, दिरानं केला तर काय बिघडेल? पाळी आलेल्या बाईनं महालक्ष्म्यांपुढे दिवा लावला तर कुणाचं काय जाईल?

विटाळाची समजूत घराची आहे. तिची किंमत एकटीच्या शरीरानं का मोजायची?