पथ्य आणि छंद

परीक्षेचा हंगाम जवळ येऊं लागला कीं बुद्धि तल्लख करण्याचे नाना उपाय विद्यार्थिवर्गांत व त्यांच्या घरीं चर्चिले जाऊं लागतात. कोणी रात्रीं बदाम भिजत घालतो, कोणी ब्राह्मीचें तेल टाळूस चोळतो. हल्लीं या उपायांत आणखी एकाची भर पडली आहे. डब्यांतली पोळी न मोडतां घरीं परत जाते, भाताचें नांव काढतांच नाक मुरडलें जातें, आणि लोणी, पनीर, अंडीं व खोबरें यांवर दिवस काढणारा मुलगा मोठ्या ऐटीनें सांगतो कीं, हा ‘कीटो’ आहार आहे व यानें मेंदू तीक्ष्ण होतो. घरच्या मंडळींनाहि तें खरें वाटूं लागतें. कारण या आहारानें मेंदूच्या एका रोगास उतार पडतो, असें त्यांनीं कोठें तरी ऐकलेलें असतें.

त्यांनीं ऐकलेलें खोटें नाहीं. परंतु अर्धी खरी गोष्ट धडधडीत खोट्या गोष्टीपेक्षां अधिक फसवी असते. म्हणूनच या विषयावर चार शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटलें.

या आहाराचा जन्म परीक्षेंत पहिलें येऊं इच्छिणाऱ्या मुलांसाठीं झालेला नाहीं. तो झाला अपस्मारानें, म्हणजे ज्यास आपण फेफरें किंवा मिरगी म्हणतों त्या रोगानें, पीडलेल्या मुलांसाठीं. मेंदूंतील असंख्य पेशी एकमेकींशीं सूक्ष्म विद्युत्संदेशांनीं बोलत असतात. भजनाच्या मेळ्यांत सर्वांनीं ताल सोडून एकाएकीं टाळ बडवूं लागावें, तसा प्रकार त्या पेशींत घडला म्हणजे झटका येतो. उपास घडला असतां हे झटके कमी होतात, ही गोष्ट फार पूर्वींपासून वैद्यांच्या नजरेस आलेली होती. १९११ सालीं पॅरिस येथें गुएल्पा व मारी या दोघां डॉक्टरांनीं उपासाचे प्रयोग करून आपले अनुभव प्रसिद्ध केले. परंतु अडचण उघड होती. उपास सोडला कीं झटके पुन्हां येत; आणि वाढत्या वयाच्या लेंकरास उपाशी तरी किती दिवस ठेवावयाचें?

या कोड्याचें उत्तर १९२१ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनीं सुचविलें. आपला मेंदू वजनानें शरीराच्या शेंकडा २ इतकाच. पण शरीरास लागणाऱ्या शक्तीपैकीं शेंकडा २० च्या आसपास तो एकटाच खर्च करितो. एरवीं त्याचें इंधन म्हणजे पोळीभातांतून मिळणारी शर्करा, अर्थात् ग्लुकोज. अन्न मिळेनासें झालें म्हणजे यकृत शरीरांतील चरबीपासून कीटोन नांवाचीं द्रव्यें तयार करूं लागतें. वाइल्डर यांची कल्पना अशी कीं, आहारांतून पिष्ट व साखर बहुतेक काढून टाकून त्यांच्या जागीं स्निग्ध पदार्थ दिले, तर पोट भरलेलें असूनहि शरीर उपाशी असल्याप्रमाणें कीटोन तयार करील. ‘कीटोजेनिक’, म्हणजे कीटोन उत्पन्न करणारा, हें या आहाराचें नांवहि त्यांनींच ठेविलें. १९२५ सालीं त्याच संस्थेंतील डॉ. पीटरमन यांनीं त्याचें माप ठरविलें: मुलाच्या दर किलो वजनामागें १ ग्रॅम प्रथिनें, दिवसभरांत १० ते १५ ग्रॅम पिष्टशर्करा, आणि बाकी सर्व स्निग्ध पदार्थ. एवढें पिष्ट तर एका मध्यम पोळींतच संपून जातें! मेंदू खरोखरीच कीटोन जाळून आपलें काम चालवूं शकतो, हें पुढें १९६७ सालीं डॉ. जॉर्ज केहिल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, कित्येक आठवडे उपास करीत असलेल्या रुग्णांच्या मेंदूकडे जाणारें व तेथून परतणारें रक्त तपासून दाखवून दिलें. या आहारानें झटके नक्की कोणत्या मार्गानें थांबतात, याचा पूर्ण उलगडा मात्र शास्त्रास अद्यापि झालेला नाहीं.

१९३८ सालीं फेनिटॉइन हें औषध अपस्मारावर गुणकारी ठरलें, आणि प्रत्येक घांस तोलण्यापेक्षां गोळी गिळणें सोपें असल्यामुळें हा आहार मागें पडला. परंतु औषधांनीं सर्वांचें भागत नाहीं. सुमारें एकतृतीयांश रुग्णांचे झटके त्यांना दाद देत नाहींत. अमेरिकेंतील चित्रपटदिग्दर्शक जिम एब्राहम्स यांच्या तान्ह्या मुलाची अवस्था अशीच होती. अनेक औषधें झालीं, मेंदूवर शस्त्रक्रियाहि झाली, गुण येईना. तेव्हां बापानें स्वतः ग्रंथालयांत बसून शोध केला, त्यांत या जुन्या आहाराची माहिती त्याच्या हातीं आली, आणि १९९३ सालीं बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत डॉ. जॉन फ्रीमन यांच्या देखरेखीखालीं तो सुरू होतांच थोड्याच दिवसांत मुलाचे झटके थांबले. त्या अनुभवावरून एब्राहम्स यांनीं १९९७ सालीं एक चित्रपटहि काढला.

एका मुलाचा अनुभव म्हणजे सिद्धांत नव्हे, असें चिकित्सक वाचक म्हणेल. आणि तें योग्यच आहे. म्हणून पुढील आंकडे पाहावे. २००८ सालीं इंग्लंडांत प्रसिद्ध झालेल्या चाचणींत १४५ मुलांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट केलेले होते. तीन महिन्यांनीं, आहार सुरू केलेल्या गटांत शेंकडा ३८ मुलांचे झटके निम्म्याहून कमी झालेले आढळले. नुसत्या औषधांवर राहिलेल्या गटांत हेंच प्रमाण शेंकडा ६ होतें. दिल्लींतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत याच जातीच्या, पण जरा सैल अशा आहाराची चाचणी १०२ मुलांवर झाली. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या तिच्या निकालांत हीं दोन प्रमाणें शेंकडा ५२ व शेंकडा ११.५ अशीं होतीं. तेव्हां हें पथ्य खरें आहे. आणि आपल्या देशांतल्या मुलांसहि तें मानवतें.

पण तें पथ्य आहे, हाच आमचा मुद्दा! पथ्य म्हणजे विशिष्ट रोग्यास, विशिष्ट मापानें, जाणत्याच्या नजरेखालीं दिलेलें अन्न. या आहाराच्या मूळ कडक प्रकारांत शक्तीचा शेंकडा ९० भाग स्निग्धांतून येतो. प्रत्येक घांस तराजूवर तोलावा लागतो. खोकल्याच्या गोड औषधांतली साखरहि हिशोबांत धरावी लागते. जीवनसत्त्वें व खनिजें वरून द्यावीं लागतात, आणि रक्तलघवीची तपासणी वरचेवर करावी लागते. एवढी दक्षता घेऊनहि बद्धकोष्ठ, ओकाऱ्या, मुतखडा, रक्तांतील चरबीची वाढ आणि उंची खुंटणें हे उपद्रव कित्येक मुलांत होतात. कांहीं जन्मजात विकारांत तर शरीरास चरबी जाळतांच येत नाहीं. अशा मुलास हा आहार दिल्यास जीवावरचा प्रसंग ओढवतो. झटक्यांनीं जर्जर झालेल्या मुलाचे आईबाप ही किंमत आनंदानें मोजतात. कारण तराजूच्या दुसऱ्या पारड्यांत त्यांच्या लेंकराचें उभें आयुष्य असतें. निरोगी मुलानें ती कशासाठीं मोजावी? त्याची स्मरणशक्ति किंवा ग्रहणशक्ति या आहारानें वाढते असें सिद्ध झालेलें नाहीं. उलट पहिल्या कांहीं दिवसांत डोकेंदुखी, मरगळ व चिडचिड पुष्कळांच्या वांट्यास येते. आणि हे दिवस नेमके अभ्यासाचे असतात. कुबडीनें पांगळा चालूं लागतो, म्हणून धडधाकट मनुष्य कुबडी घेतल्यानें अधिक वेगानें धांवेल, असें कोणी म्हणत नाहीं. मग येथेंच हा न्याय कां विसरावा? वृद्धांच्या स्मृतिभ्रंशावर हा आहार उपयोगी पडेल काय, याचाहि शोध चालू आहे. परंतु आजवरचे प्रयोग लहान व थोड्या मुदतीचे असल्यानें त्यांवरून उपचार ठरवितां येत नाहीं.

कोणी म्हणतील कीं, चरकसंहितेंत अपस्मारावर पंचगव्य घृत सांगितलें आहे. तेव्हां हें सर्व आमच्या पूर्वजांस ठाऊकच होतें. पूर्वजांविषयीं आम्हांसहि अभिमान आहे; पण औषधाबरोबर चमचाभर तूप घेणें आणि साऱ्या आहारांतून पिष्ट हद्दपार करणें या दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत. नांवांतलें साम्य पाहून वस्तु एकच समजणें हें शास्त्र नव्हे, आणि पूर्वजांचा तो सन्मानहि नव्हे.

येथवर आम्ही पोळी परत नेणाऱ्या मुलाविषयीं बोललों. पण आमच्या मनांत दुसरेंहि एक मूल आहे, आणि त्याची चिंता आम्हांस अधिक वाटते. जगांत सुमारें ५ कोटी लोकांस अपस्मार आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. योग्य उपचार मिळाले तर त्यांतील शेंकडा ७० लोक झटक्यांवांचून राहूं शकतील, असेंहि ती सांगते. तरीहि आपल्याकडे हा रोग लपविला जातो. मुलीस झटका आला तर ‘लग्न कसें जमेल’ म्हणून दार लावून घेतात, मुलास आला तर अंगारेधुपारे करितात, आणि डॉक्टरांकडे जाणें लांबणीवर पडतें. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांत अपस्माराचा उल्लेख वेडाच्या जोडीनें केलेला होता. तो १९९९ सालीं काढून टाकण्यांत आला. कायद्यानें सोडलें, पण समाजानें तें अजून सोडलेलें नाहीं. एका घरांत ज्याची गरज नाहीं तें पथ्य हौसेनें पाळलें जावें, आणि शेजारच्या घरांत ज्याची गरज आहे त्या मुलाच्या कानांवर त्या पथ्याचें नांवहि पडूं नये, यापरती विपरीत गोष्ट कोणती?

विद्यार्थिमित्रांनो, वर्गांत एखाद्या सोबत्यास झटका आला तर कांदा किंवा जोडा हुंगवूं नका, दांतांत चमचा घालूं नका, त्याचे हातपाय दाबून धरूं नका. त्यास कुशीवर वळवा, डोक्याखालीं मऊ कांहीं ठेवा, घड्याळाकडे पाहा. पांच मिनिटांत झटका थांबला नाहीं तर तात्काळ रुग्णालयांत न्यावयास सांगा. आणि तो शुद्धीवर आला म्हणजे त्याच्या शेजारीं पूर्वींसारखेच जाऊन बसा. त्याचा डबा तुमच्याहून निराळा दिसला, तर तो त्याच्या पथ्याचा आहे हें ओळखून हंसूं नका, आणि त्याची नक्कलहि करूं नका.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मुलास झटके येत असतील तर तें लपवूं नका. मेंदूविकारांच्या डॉक्टरांकडे न्या, आणि औषधांनीं भागत नसेल तर या आहाराविषयीं त्यांना अवश्य विचारा. मूल निरोगी असेल, तर त्याला वेळेवर झोंप, मोकळ्या मैदानावर खेळ आणि घरची भाजी, भाकरी, वरणभात मिळूं द्या. त्याच्या मेंदूस लागणारी शर्करा त्या ताटांत आहेच.