बांधावर खताचं बोलतो, ताटाचं कधी बोलणार?



हरभरा काढणीच्या दिवसांत माझ्या थोरल्या भावाला अटॅक आला. वय 58. पोट सुटलेलं नाही, दारू नाही, रोज शेतात. अख्खा गाव म्हणत होता, "कष्टाच्या माणसाला असं कसं झालं?" मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो.

कष्ट चांगलेच. पण नांगरट ट्रॅक्टरने, शेतात जायचं मोटरसायकलवर, पंप चालू करायचा मोबाईलवरून. त्यात सकाळ-संध्याकाळ भजी, फरसाण, वर तंबाखूची गोळी. बीपी किती, ते भावाला दवाखान्यात गेल्यावर कळलं. मातीपरीक्षण दोनदा केलेला माणूस!

सुट्टी देताना आहाराचा कागद मिळाला. ओट्स, ऑलिव्ह तेल, अक्रोड. वहिनी म्हणाली, "भावजी, हे कुठं मिळतं?" मला हसू आलं आणि रागही आला. ज्याच्या घरात ज्वारीची कणगी आहे त्याला ओट्स सांगायचे? असं आहारशिक्षण चुलीपर्यंत पोचतच नाही.

पण दोष आपलाही आहे. ज्वारीच्या पाट्यात करडईचे तास असायचे, घाण्याचं तेल वर्षभर पुरायचं. काटे टोचतात, मजूर मिळत नाही म्हणून आपण करडई सोडली आणि पामतेलाच्या पिशव्या आणायला लागलो. पामतेलात संपृक्त चरबी निम्म्याच्या आसपास, करडईत दहा टक्क्यांच्या आतबाहेर. हीच चरबी रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवते. आता बिनकाट्याचं नारी-6 वाण आहे, काढणीला हार्वेस्टर आहे. निदान घरापुरते चार तास पेरायला काय हरकत आहे? बांधाकडेला जवस टाका, चटणीला होईल.

मात्र करडईचं तेल आहे म्हणून धार धरू नका. तेल कुठलंही असो, मोजूनच. आणि भजी तळलेलं तेल परत परत तापवू नका.

मिठाचा हिशोब तर आपण करतच नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, माणशी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी. पाच माणसांच्या घराला महिन्याला पाऊण किलो झालं. आमच्याकडे दीड किलो जात होतं, लोणचं-पापड वेगळंच! पुडी फोडली की तिच्यावर तारीख लिहा, महिन्यात खरं काय ते कळेल.

कृषी सहायक आणि विद्यापीठाच्या साहेबांना एक सांगणं. मेळाव्यात एकरी उतारा जरूर सांगा, पण ते पीक घरात कसं खायचं, तेही सांगा. आशाताईंना बीपीचं मशीन घेऊन शेतीशाळेला बोलवा. आणि बायांना पुढं बसवा, तेल-मीठ त्यांच्या हातात असतं. पुरुषांनी मागं बसून तंबाखू मळू नये.

भावाच्या गोळ्या चालू आहेत, त्या डॉक्टरला विचारल्याशिवाय कुणी बंद करू नका. जेवण गोळीच्या जागी नाही. पण गोळी सुरू व्हायच्या आधीची वीस वर्षं आपल्याच ताटात असतात.

यंदा रब्बीला घरापुरती करडई कोण कोण पेरणार? खाली लिहा.