व्हिस्कीच्या लेबलवर मळीही लिहा

व्हिस्कीच्या प्रत्येक नामांकित शैलीमागे एक अट असते. स्कॉच स्कॉटलंडमध्येच, ओकच्या पिंपात किमान 3 वर्षे मुरावी लागते. अमेरिकी बर्बनला किमान 51 टक्के मका लागतो. जपानमध्ये आयात मद्यही ‘जपानी’ म्हणून खपत होते. तिथल्या उत्पादकांच्या संघटनेनेच 2021मध्ये नियम बांधले. भारतात मात्र उसाच्या मळीपासूनच्या स्पिरिटचे मद्यही व्हिस्की म्हणून विकले जाते. युरोपीय संघ त्याला ते नाव देत नाही.

कोणी म्हणेल, धान्याची सक्ती केली तर स्वस्त मद्य महागेल, साखर कारखान्यांना फटका बसेल. पण मागणी बंदीची नाही. कच्चा माल लेबलवर ठळक लिहावा, एवढीच आहे. मळी कमअस्सल नाही, रम तिचीच होते. बंगळुरूच्या ‘अमृत’ सिंगल माल्टने जगात नाव कमावले ते बार्लीवर. मळीची व्हिस्की आणि धान्याची व्हिस्की या दोहोंतला फरक ग्राहकाला बाटली विकत घेण्याआधी कळणे हा त्याचा हक्क आहे.