टाळ्या वाजवणाऱ्यांना आमचा सवाल

'मुसलमानांना लोकशाही पचत नाही,' असे आम्हाला उठताबसता ऐकवले जाते. आमच्यातही 'आपल्या लोकांना कडक हुकूमतच हवी' म्हणणारे आहेत. हे दोघेही ट्युनिशियाचे नाव घेत नाहीत. म्हणून आम्ही घेतो.

१४ जानेवारी २०११ रोजी, २३ वर्षे सत्ता उपभोगलेले बेन अली देश सोडून पळाले. पण हुकूमशहा पळाला म्हणून लोकशाही येत नसते. २०१३ साली शोक्री बेलाइद आणि मोहम्मद ब्राहमी या दोन विरोधी नेत्यांचे खून पडले. संविधान सभेचे काम ठप्प झाले. त्याच जुलैत इजिप्तमध्ये लष्कराने सत्ता बळकावली होती. ट्युनिशियात मात्र कामगार संघटना, मालकांची संघटना, मानवी हक्क लीग आणि वकिलांची संघटना अशा चार संस्था पुढे सरसावल्या. त्यांनी धार्मिक एन्नहदा पक्षाला आणि सेक्युलर पक्षांना समोरासमोर बसवले. एन्नहदाने सत्ता सोडली. जानेवारी २०१४ मध्ये नवे संविधान मंजूर झाले. २०१५ चे शांततेचे नोबेल या चौघांना मिळाले. त्यांच्याकडे बंदूक नव्हती. सभासद होते, शाखा होत्या, लोकांचा विश्वास होता. नागरी समाज म्हणतात तो हाच.

मग २५ जुलै २०२१ उजाडला. बेकारी, कोविड आणि संसदेतल्या हाणामाऱ्या यांनी लोक विटले होते. राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी संसद गोठवली आणि लोकांनी रस्त्यावर येऊन जल्लोष केला. लोकांचा वैताग खरा होता, इलाज खोटा होता. त्या वेळी बलाढ्य कामगार संघटनेनेही ठाम विरोध केला नाही.

पुढचे सारे ओळीने घडले. २०२२ मध्ये संसद बरखास्त झाली, अध्यक्षांच्या हाती सत्ता देणारे संविधान आले आणि सप्टेंबरात अध्यादेश क्रमांक ५४ निघाला. 'खोटी बातमी' पसरवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. ती सरकारी माणसाविषयी असेल तर शिक्षा दुप्पट! बातमी खोटी कोणती, हे सरकारनेच ठरवायचे. मे २०२४ मध्ये वकील सोनिया दहमानी टीव्हीवर देशाच्या अवस्थेविषयी उपरोधाने बोलल्या. पोलिसांनी त्यांना वकील संघटनेच्या इमारतीत घुसून उचलले. हीच संघटना नोबेलची मानकरी होती.

यात धर्माचा दोष कुठे आला? संविधान घडवणारे मुसलमान होते, ते मोडणारेही मुसलमान आणि तुरुंगात गेलेलेही मुसलमानच. फरक इमानाचा नव्हता, वेळेवर 'नाही' म्हणण्याचा होता.

आमचा सवाल आमच्याच समाजाला आहे. आमच्या जमाती, ट्रस्ट आणि शिक्षणसंस्था यांत हिशेब विचारणाऱ्याला आपण 'फितुर' म्हणतो. आमच्या दोषांवर बोट ठेवणारे पत्र आपण बंद पाडायला निघतो. जिथे घरातला सवाल सहन होत नाही, तिथे दिल्लीला कोणत्या तोंडाने सवाल करणार? संसदेला कुलूप लागले तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांचेच तोंड पुढे बंद झाले. हे ट्युनिशियाने किंमत मोजून शिकवले आहे. आपण तरी ते फुकटात शिकावे.